लांबी जुळवता येणारी सस्पेन्शन लिंक : नकाशापासून चाचणीपर्यंत

स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा बदलून गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली आणली की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि त्यांचा टोही, म्हणजे वरून पाहता चाकांची पुढची कडा आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोनही, बिघडतो. कारखान्याने दिलेल्या विकेंद्री बोल्टने हा फरक थोडा भरून निघतो, पण त्याची मर्यादा लवकर संपते. अशा वेळी लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक, म्हणजे चाकाच्या बाजूला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, लागते. परदेशातून मागवलेल्या तयार लिंकांचा खर्च सीमाशुल्कासह बराच होतो. उलट बेळगावात राहणाऱ्याच्या दाराशी उद्यमबागची औद्योगिक वसाहत आहे, आणि हायड्रॉलिक सिलिंडर व पंपांचे सुटे भाग शतांश मिलिमीटरच्या मापात कातणारे हात तेथे पिढ्यांपासून आहेत. त्यांच्यासाठी ही लिंक म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मात्र माप घेणे, नकाशा काढणे आणि तयार झालेला भाग तपासणे ही तीन कामे गाडीच्या मालकाने स्वतः करायची असतात, कारण लिंक मोडते ती बहुधा लेथवरच्या चुकीमुळे नव्हे, तर आधीच चुकलेल्या विचारामुळे.

कायद्याची बाजू आधी पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे केए २२ क्रमांकाची पाटी लावून रोज खानापूर रोडवर धावणाऱ्या गाडीसाठी हा लेख नाही. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो. बंदिस्त ट्रॅकवर किंवा खासगी जागेत परवानगीने चालवायच्या गाडीपुरतीच ही कृती आहे असे समजून पुढे वाचावे. जे स्पर्धेत उतरणार असतील त्यांनी आपल्या वर्गाचे तांत्रिक नियम आधी वाचावेत, कारण अनेक वर्गांमध्ये मूळ लिंकच बसवण्याची सक्ती असते.

कोणता भाग बनवावा आणि कोणता बनवू नये

सस्पेन्शनचा प्रत्येक भाग घरी बनवण्याजोगा नसतो. ज्या आर्मवर स्प्रिंग किंवा शॉकअप टेकलेला असतो तो आर्म, स्टीअरिंगचा टाय रॉड, हबचा नकल (चाकाचा हब धरणारा ओतीव भाग) आणि स्ट्रट (स्प्रिंग व शॉकअप एकत्र असलेला खांब) या चार गोष्टींना हात लावू नये. स्प्रिंग टेकलेल्या आर्मवर वाकवणारा भार सतत असतो आणि स्टीअरिंगचा भाग तुटला तर चालकाच्या हाती काहीही उरत नाही. स्ट्रटवर आटे पाडून उंची जुळवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यासाठी पातळ नळीला बाहेरून कॉलर वेल्ड करावी लागते, आणि तेथे मी ठामपणे नाही म्हणतो.

घरी बनवण्यास योग्य लिंक म्हणजे जिच्या दोन्ही टोकांना फिरते सांधे आहेत, जिच्या मध्ये काहीही जोडलेले नाही आणि जिच्यावर म्हणून फक्त ताण किंवा दाब येतो. मल्टिलिंक सस्पेन्शनमधील मागची टो-लिंक, वरची आडवी लिंक आणि स्टॅबिलायझर बारची, म्हणजे वळणात गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक या तिन्ही या व्याख्येत बसतात. पुढील सर्व मापे मागच्या टो-लिंकची आहेत. मूळ लिंकच्या बाहेरच्या टोकाला निमुळत्या खुंटीचा बॉल जॉइंट असेल, तर ती लिंक सोडून द्यावी. दोन्ही टोके दोन पाकळ्यांच्या ब्रॅकेटमध्ये आरपार बोल्टने धरलेली असतील, तरच पुढे जावे. एका बाजूनेच धरलेला बोल्ट भाराखाली हळूहळू वाकतो, हे मी माझ्या पहिल्या प्रयोगात पाहिले आहे. बोल्ट तुटला नव्हता, पण काढताना हातोडी मारावी लागली आणि काढल्यावर तो केळीसारखा दिसत होता.

माप घेणे

गाडी उचलण्याआधी ती सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून उभी करावी आणि दोन्ही बाजूंच्या लिंकांची बोल्टच्या केंद्रापासून केंद्रापर्यंतची लांबी टेपने मोजून लिहून ठेवावी. दोन्ही बाजूंत दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला तर एखादी लिंक किंवा सबफ्रेम वाकलेली असण्याची शक्यता असते, आणि वाकलेल्या सबफ्रेमचे दुखणे नव्या लिंकेने झाकू नये. आपल्या उदाहरणात ही लांबी ३२० मिमी धरू.

त्यानंतर गाडी मजबूत स्टँडवर घ्यावी, केवळ जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. स्प्रिंग कॉम्प्रेसरने काळजीपूर्वक स्प्रिंग काढावी आणि शॉकअप जागेवर ठेवून हब हाताने व नंतर जॅकने अगदी वरपासून खालपर्यंत फिरवून पाहावा. या संपूर्ण प्रवासात लिंक ब्रॅकेटशी किती अंशांचा कोन करते ते कोनमापकाने मोजावे. लिंकेच्या टोकाला बसणारा फिरता सांधा म्हणजे रॉड एंड : डोळ्यासारख्या डोक्यात फिरणारा बॉल आणि मागे आटे असलेला शँक, म्हणजे दांडा. १२ मिमी बोअरचा नेहमीचा रॉड एंड दोन्ही बाजूंना साधारण १३ अंशांपर्यंतच झुकतो. त्यापलीकडे त्याचे डोके ब्रॅकेटला किंवा स्पेसरला अडते, आणि अडले की फिरता सांधा संपून कडक सांधा सुरू होतो. मोजलेला कोन १० अंशांपेक्षा जास्त असल्यास जास्त झुकणारा रॉड एंड किंवा शंकूच्या आकाराचे स्पेसर घ्यावेत.

कडक झालेल्या सांध्याला एवढे का घाबरावे, याचे उत्तर एका छोट्या हिशेबात आहे. गाडीचे वजन १,०५० किलो आणि त्यातील निम्मे मागे धरले, तर एक जी वळणात, म्हणजे गाडीच्या वजनाइतकेच आडवे बल लागते अशा वळणात, मागच्या दोन्ही चाकांवर मिळून सुमारे ५,१५० न्यूटन आडवे बल येते. त्यातील सत्तर टक्के बाहेरच्या चाकावर गेले तर ते ३,६०० न्यूटन होते. प्रत्यक्षात हे बल अनेक लिंकांत वाटले जाते, पण हिशेबासाठी ते सर्व एकाच लिंकेवर टाकू. एम १२ (१२ मिमी व्यास), १.२५ पिचच्या (लगतच्या दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर असलेल्या) आट्यांचे ताण सोसणारे क्षेत्रफळ ९२.१ चौरस मिमी असते, म्हणजे सरळ ओढीत तेथे फक्त ३९ मेगापास्कल ताण येतो आणि साध्या पोलादालाही तो किरकोळ आहे. हेच ३,६०० न्यूटन बल सांधा अडल्यामुळे शँकवर आडवे, १५ मिमी अंतरावर लागले, तर वाकण्यामुळे येणारा ताण सुमारे ४३० मेगापास्कल भरतो. तोच शँक, तेच बल आणि ताण अकरापट. खड्ड्यातील हादरा यात धरलेलाच नाही. लिंकेचे मधले अंग कितीही जाड केले तरी या हिशेबात तसूभर फरक पडत नाही, म्हणून सगळी बुद्धी टोकांवर खर्च करावी.

नकाशा

लिंकेच्या अंगासाठी २२ मिमीचा षटकोनी बार ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादात घ्यावा. तो उद्यमबागेतील पोलाद विक्रेत्यांकडे कापून मिळतो, त्यावर साधा पाना बसतो आणि एम १२ चे आटे पाडल्यावरही भोवती ५ मिमी भिंत उरते. गोल नळीच्या टोकांना आटे पाडलेले बुश वेल्ड करण्याची पद्धतही प्रचलित आहे, परंतु वेल्डचा प्रवेश आतपर्यंत झाला की नाही हे घरी कळत नाही आणि वेल्डशेजारच्या पट्ट्यात पोलादाचे गुण बदललेले असतात. एकसंध बारमध्ये ही चिंताच नसते. वजन वाढते हे खरे, पण हे अंग पाऊण किलोच्या किंचित वर भरते आणि त्याचे निम्मेच ओझे चाकाच्या बाजूला पडते. १९ मिमीच्या बारने वजन आणखी उतरते, मात्र भिंत साडेतीन मिमीच उरते, त्यामुळे पहिल्या कामासाठी मी २२ मिमीच सुचवीन.

एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे (उलट दिशेने आवळले जाणारे) आटे पाडले की लिंक गाडीवरून न काढता नुसते अंग फिरवून लांबी बदलते. १.२५ पिचमध्ये अंगाचा एक पूर्ण फेरा म्हणजे २.५ मिमी. षटकोनाची एक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, म्हणजे ०.४२ मिमी. हे रॉड एंड बाजारात नेहमी १.७५ पिचमध्ये मिळतात, त्यामुळे मागवताना १.२५ पिच आणि एक नग डाव्या आट्याचा असे स्पष्ट लिहून द्यावे.

आता अंगाची लांबी. या मापाच्या पुरुष (बाहेरून आटे असलेल्या) रॉड एंडमध्ये डोळ्याच्या केंद्रापासून शँकच्या टोकापर्यंत ५४ मिमी असतात आणि त्यांपैकी शेवटच्या ३३ मिमीवर आटे असतात. आटे किमान व्यासाच्या दीडपट, म्हणजे १८ मिमी, अंगात शिरलेले असलेच पाहिजेत. चेक नट, म्हणजे रॉड एंड फिरू नये म्हणून अंगावर आवळायचा पातळ नट, ६ मिमी जाडीचा धरला तर अंगाची लांबी २५७ मिमी ठेवल्यावर हिशेब असा लागतो की ३२० मिमीला प्रत्येक बाजूने साडेबावीस मिमी आटे आत असतात, रॉड एंड १८ मिमीपर्यंत बाहेर काढले की लांबी ३२९ मिमी होते आणि चेक नटापर्यंत पूर्ण आत घेतले की ३११ मिमी होते. म्हणजे दोन्ही दिशांना सारखीच ९ मिमीची सोय मिळते. आपल्या गाडीची लांबी वेगळी असेल तर केंद्रापासून केंद्रापर्यंतच्या लांबीतून ६३ मिमी वजा करावेत, तेवढेच अंग कापावे. रॉड एंड दुसऱ्या कंपनीचे असतील तर व्हर्निअरने मोजून हा आकडा पुन्हा काढावा.

नकाशावर प्रत्येक टोकाला ४५ मिमी खोल भोक, त्यात ३५ मिमी पूर्ण आटे, तोंडाशी १३ मिमी व्यासाची चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आणि टोकापासून बरोबर १८ मिमीवर, षटकोनाच्या सपाट बाजूतून आतल्या आट्यांपर्यंत जाणारे २ मिमीचे छिद्र दाखवावे. हे छिद्र म्हणजे पहारेकरी आहे. त्यातून तार आरपार आत गेली तर रॉड एंड गरजेपेक्षा जास्त बाहेर आला आहे, आणि तार शँकला अडली तर आटे पुरेसे आत आहेत. डाव्या आट्याच्या टोकाजवळ षटकोनाच्या कडांवर एक उथळ खाच कातून घ्यावी. ॲसिटिलीनच्या सिलिंडरवरील डाव्या आट्यांच्या नटांना कडेवर अशाच खाचा असतात, त्यामुळे मेस्त्रींना ही खूण समजावून सांगावी लागत नाही.

लेथवरचे काम

नकाशा कागदावर, मिलिमीटरमध्ये आणि प्रत्येक मापाच्या बाजूला चालणारी तफावत लिहून द्यावा. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये बोलणे मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्हींत मिसळून चालते आणि बोलण्यात अजूनही सूत येते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी, आणि तेथूनच गोंधळाला सुरुवात होते. आकड्यांना भाषा लागत नाही.

एम १२ ला १.२५ पिचचे आटे पाडण्यापूर्वी १०.८ मिमीचे ड्रिल वापरावे. १०.२ चे ड्रिल १.७५ पिचसाठी असते, ते चुकून लागले तर बारीक पिचचा टॅप (भोकात आटे कापणारे हत्यार) अडकून तुटतो. टॅप हाताने न धरता लेथच्या टेलस्टॉकच्या आधाराने सुरू करावा, म्हणजे आटे अंगाच्या मध्यरेषेत सरळ पडतात. डावा टॅप उलट दिशेने कापतो, हे सांगायला हास्यास्पद वाटेल, पण सवयीचा हात पहिल्या दोन फेऱ्यांत चुकतोच. डाव्या आट्याचा पातळ चेक नट दुकानात सहज मिळत नाही, म्हणून त्याच बारच्या उरलेल्या तुकड्यातून दोन नट त्याच बैठकीत करून घ्यावेत. पहाऱ्याचे छिद्र आटे पाडण्यापूर्वी मारावे, म्हणजे आतील कडेला आलेली बर (धातूची उभी राहिलेली धार) टॅपच कापून टाकतो.

स्पेसर हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. १२ मिमी रॉड एंडच्या बॉलची रुंदी १६ मिमी असते. ब्रॅकेटच्या दोन पाकळ्यांमधील अंतर ४० मिमी असेल तर प्रत्येक बाजूला १२ मिमीचा स्पेसर लागतो, आणि तो बॉलकडे निमुळता होत जाणारा हवा, म्हणजे डोके झुकले तरी घासत नाही. दोन्ही स्पेसर आणि बॉल मिळून ब्रॅकेटच्या मापापेक्षा दशांश मिलिमीटरच कमी असावेत. त्यापेक्षा जास्त मोकळीक ठेवून बोल्ट आवळला तर पाकळ्या वाकतात. मूळ बोल्ट १४ मिमीचा असल्यास १४ मिमीचा रॉड एंडच घ्यावा आणि हिशेब त्यानुसार बदलावा, बोल्ट बारीक करून ब्रॅकेटमध्ये बुश ठोकण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक बोल्टच्या डोक्याच्या बाजूने आणि नटाच्या बाजूने रॉड एंडच्या डोक्यापेक्षा मोठे सुरक्षा-वॉशर कोठे बसतील हेही पाहावे, कारण बॉल झिजून निसटला तरी त्या वॉशरमुळे लिंक जागेवर लटकून राहते.

तपासणी आणि दाबाची चाचणी

भाग घरी आणल्यावर प्रथम रॉकेलने धुऊन प्रत्येक रॉड एंड हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा. तो डगमगता कामा नये आणि पाना लागेल इतका घट्टही नको. डाय पेनिट्रंटच्या तीन डब्यांचा संच असेल तर आट्यांचे तोंड आणि स्पेसर तपासावेत. लाल रंग लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारल्यावर केसासारखी लाल रेघ उमटली तर तो भाग भंगारात टाकावा, घासून वाचवू नये.

ज्या गावात हायड्रॉलिकचे कारखाने आहेत तेथे राहण्याचा खरा फायदा यापुढच्या पायरीत मिळतो. ५० मिमी बोअर आणि २८ मिमी रॉडचा सिलिंडर चाचणीच्या चौकटीत बसवून लिंक त्याच्या रॉडला जोडावी. रॉडच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १,३४७ चौरस मिमी येते, म्हणून ७४ बार दाबाला सुमारे १० किलोन्यूटन ओढ मिळते, म्हणजे आपल्या वळणाच्या हिशेबाच्या जवळजवळ तिप्पट. अर्थात, रॉड एंडच्या उत्पादकाने दिलेली स्थिर भाराची मर्यादा यापेक्षा बरीच वर असल्याची खात्री आधी करून घ्यावी. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर दोन केंद्रांमधील लांबी व्हर्निअरने मोजावी. ती बदलली, किंवा रॉड एंड फिरताना अडखळला, तर लिंक नापास समजावी. दाब चढत असताना लिंकेच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि मध्ये जाड पोलादी पत्रा असावा. हे काम त्या कारखान्यातील माणसांकडूनच करून घ्यावे.

गंज टाळण्यासाठी अंगाला पिवळे झिंक प्लेटिंग करून घ्यावे, मात्र आट्यांत थर जाड बसला तर रॉड एंड शिरत नाही, म्हणून भोकांना रबरी बूच लावून द्यावे. १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे बोल्ट स्वतः प्लेटिंगला देऊ नयेत. आम्लाच्या हौदात त्यांच्यात हायड्रोजन शिरतो आणि ते काचेसारखे तडकू शकतात.

बसवणे आणि जुळवणे

दोन्ही टोकांना आटे सारखेच आत ठेवून लिंक मूळ लांबीवर, ३२० मिमीला, बांधावी आणि बोल्ट गाडीच्या सेवा-पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावेत. नायलॉक नट प्रत्येक वेळी नवा घ्यावा. चेक नट आवळताना रॉड एंडचे डोके दुसऱ्या पान्याने धरावे, अन्यथा ते फिरून एका टोकाला तिरके बसते आणि झुकण्याची निम्मी जागा तेथेच संपते. शेवटी चेक नटावरून अंगावर जाईल अशी रंगाची एक रेघ ओढावी.

अलाइनमेंटचे यंत्र नसेल तरी काम अडत नाही. चार चाकांखालची जमीन एका पातळीत आहे की नाही हे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने पाहावे आणि कमी असलेल्या चाकाखाली शहाबादी फरशीचे तुकडे व पत्रे घालावेत. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत. मागच्या चाकांखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे घातले की लिंक फिरवताना टायर जमिनीला धरून बसत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर असे दोन दोरे हबच्या उंचीवर ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे दोऱ्यापासूनचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. लिंक नकलला चाकाच्या वळण-अक्षापासून १५० मिमीवर जोडलेली असेल तर लांबीतील १ मिमीचा बदल म्हणजे ०.३८ अंश, आणि १५ इंची रिमवर तो अडीच मिमी दिसतो. त्यामुळे षटकोनाची एकच बाजू फिरवली तरी रिमवर सुमारे १ मिमीचा फरक पडतो. यावरून हाताने किती जपून फिरवावे लागते ते कळेल. पहिल्या जुळणीत मी उत्साहाने अर्धा फेरा दिला होता आणि चाक डोळ्यांनाही वाकडे दिसू लागले होते.

मागच्या चाकांना प्रत्येकी १ ते दीड मिमी आत झुकणारा टो ठेवून सुरुवात करावी. बाहेर झुकणारा टो मागे कधीही ठेवू नये, अशी गाडी ब्रेक लावताच शेपूट फिरवते. प्रत्येक बदलानंतर गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यावे आणि मग पुन्हा मोजावे.

स्टॅबिलायझर बारच्या लिंकेची कृती हीच आहे, फक्त जुळवणी वेगळी. चालकाचे वजन सीटवर असताना आणि गाडी समतल उभी असताना लिंकेचा शेवटचा बोल्ट हाताने सहज आत जाईल अशी लांबी ठेवावी. डाव्या-उजव्या लिंकांची लांबी त्यामुळे वेगळी आली तरी चालते, कारण येथे बारवर आधीपासून पीळ नसणे हेच उद्दिष्ट आहे.

पहिली फेरी आणि देखभाल

गाळप हंगाम संपल्यावर आपल्या भागातील साखर कारखान्यांची उसाच्या गाड्यांसाठीची विस्तीर्ण आवारे रिकामी असतात. मालकाची परवानगी मिळाल्यास पहिली फेरी अशा ठिकाणी, ताशी तीस किलोमीटरने घ्यावी. पाच मिनिटांनी थांबून रंगाच्या रेघा तुटल्या आहेत का ते पाहावे, मग वेग वाढवावा. ब्रेक लावून, सोडून, दोन्ही बाजूंना वळून पाहावे. खटखट आवाज आला तर तो कोठून येतो हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये.

पावसाळा हा रॉड एंडचा शत्रू आहे. खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यातील तांबडी माती पाण्यात मिसळून बॉलभोवती बसली की ती घासपूडच बनते. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या रॉड एंडला ग्रीस लावू नये, त्याने माती चिकटते. धातूवर धातू असलेल्यांना मात्र ग्रीस लागतेच. दोन्ही प्रकारांना रबरी टोप्या बसवल्या तर आयुष्य वाढते. प्रत्येक ट्रॅक-दिवसानंतर चाक उचलून लिंक हाताने हलवावी, पहाऱ्याच्या छिद्रात तार घालून पाहावी, आणि बॉल डोक्यात जाणवण्याइतका हलू लागला असेल तर रॉड एंड दोन्ही टोकांचे एकदमच बदलावेत. जुना डाव्या आट्याचा रॉड एंड मात्र फेकू नये. पुढचे चेक नट कातताना आटे तपासायला तोच गेज म्हणून उपयोगी पडतो.